आधीचंच बरं होतं!

रॉक बँडच्या चाहत्याला नवा अल्बम हवा असतो, हा समज आधी डोक्यातून काढून टाकावा. त्याला जुनाच अल्बम हवा असतो. फक्त तो त्याने अजून ऐकलेला नसावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. ती पुरी करायला बँडने दोन-तीन वर्षं घेतली तर कुणी तक्रार करत नाही. पण दहा-पंधरा वर्षं गेली की गडबड होते, कारण मधल्या काळात चाहता हातावर हात ठेवून बसलेला नसतो. आंघोळ करताना, लोकलमध्ये लटकताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मान डोलावताना तो तो अल्बम मनातल्या मनात पुरा करत असतो. गिटार कुठे चढणार, गायक कुठे किंचाळणार, सगळं ठरलेलं. मग एक दिवस खरा अल्बम बाजारात येतो आणि याच्या अल्बमशी काही केल्या जुळत नाही. चूक अर्थातच बँडची.

या खात्यातलं आजवरचं सगळ्यात मोठं भिजत घोंगडं म्हणजे गन्स एन’ रोझेस या लॉस एंजेलिसच्या बँडचा ‘चायनीज डेमोक्रसी’. १९८७ साली ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ काढून या मंडळींनी जगाच्या कानठळ्या बसवल्या. १७ सप्टेंबर १९९१ रोजी ‘यूज युअर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी काढले. २३ नोव्हेंबर १९९३ला इतरांच्या गाण्यांचा एक अल्बम काढला आणि मग आपसात जुंपली. गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला, बेसवादक डफ मकेगन १९९७ मध्ये. मूळ संचातला उरला एकटा गायक अ‍ॅक्सल रोझ, आणि त्याच्याकडे उरलं बँडचं नाव. नव्या अल्बमचं शीर्षक त्याने १९९९ मध्येच सांगून टाकलं. अल्बम आला २३ नोव्हेंबर २००८ला. आधीच्या अल्बमपासून तारखेला तारीख पंधरा वर्षं. हा योगायोग होता की कुणी तिथी पाहून मुहूर्त काढला होता, कोण जाणे.

आपल्याकडच्या मराठी घरांमध्ये हा बँड शिरला तो टीव्हीवाटे. १९९१ साली स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला आणि पुढे दादर-डोंबिवली-कोथरूडच्या बैठकीच्या खोल्यांत ‘नोव्हेंबर रेन’चा नऊ मिनिटांचा व्हिडिओ वाजू लागला. ओसाड माळावरच्या एका चर्चबाहेर स्लॅश पाय फाकून उभा राहतो, गिटार वाजवतो, वरून हेलिकॉप्टर घिरट्या घालत ते टिपतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना त्या क्षणी आयुष्याचा अर्थ सापडे. मागे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या वडिलांना मात्र एकच शंका येई: त्या गिटारची वायर कुठेच जोडलेली दिसत नाही, तर आवाज येतो कुठून? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्या मुलांनी आजतागायत दिलेलं नाही. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून मूळ कॅसेट घ्यायची ऐपत वर्गात एखाद्याचीच असे. बाकीचे त्याच्याकडून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेत आणि दुसरी बाजू संपत आली की शेवटचं गाणं अर्ध्यात तुटे. अनेकांना ते गाणं आजही तिथेच संपतं असं वाटतं.

आता हिशेब पाहा. १९९१ साली सतरा वर्षांचा असलेला मुलगा ‘चायनीज डेमोक्रसी’ आला तेव्हा चौतिशीत होता. घराचा हप्ता, मुलाची शाळा, सकाळची ॲसिडिटी. त्याने वाट पाहिली होती ती सतराव्या वर्षाची, आणि दुकानदाराने हातात ठेवली एकाहत्तर मिनिटांची सीडी.

वाट पाहण्याच्या काळात जे घडलं ते अल्बमपेक्षा जास्त रंजक होतं, हे कट्टर चाहतेही कबूल करतात. २००५च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हिशेब छापला: तोवर १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता आणि अल्बमचा पत्ता नव्हता. त्या वेळच्या भावाने पन्नास-साठ कोटी रुपये. एवढे पैसे गाणी बसवण्यात जातात कसे, असं ज्याला वाटेल त्याने स्टुडिओतली एक-दोन दृश्यं डोळ्यांसमोर आणावीत. बकेटहेड नावाचा एक विलक्षण गिटारवादक बँडमध्ये आला होता. चेहऱ्यावर पांढरा मुखवटा आणि डोक्यावर तळलेल्या कोंबडीची कागदी बादली उपडी घालून तो वाजवतो. त्याला मोकळं वाटावं म्हणून स्टुडिओत त्याच्यासाठी कोंबड्यांचं खुराडं बांधण्यात आलं आणि त्यात बसून त्याने गिटार वाजवली. जॉश फ्रीझ या ड्रमवादकाने वाजवलेला ताल अ‍ॅक्सलला आवडला होता. पण फ्रीझ बँड सोडून गेला. तेव्हा त्याचं वादन ठोका न् ठोका कागदावर उतरवलं आणि ब्रायन मँटिया या दुसऱ्या वादकाकडून तसंच्या तसं पुन्हा वाजवून घेतलं. क्वीन या बँडच्या गाजलेल्या अल्बमांचा निर्माता रॉय थॉमस बेकर आला, त्याने झालेलं काम पुन्हा करून घेतलं. अखेर २००४ मध्ये रेकॉर्ड कंपनीने हात आखडता घेतला आणि ती जुन्या गाण्यांचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढून मोकळी झाली. अ‍ॅक्सलने तो थांबवायचा प्रयत्न केला, पण लोकांनी दुधाची तहान ताकावर भागवली आणि तो संग्रह धडाक्याने खपला.

बाहेर तोवर थट्टेला ऊत आला होता. द ऑफस्प्रिंग या बँडने २००३ मध्ये जाहीर केलं की आमच्या पुढच्या अल्बमचं नाव ‘चायनीज डेमोक्रेझी’ असेल, वर उपशीर्षक असं की जो झोपला तो मुकला. अ‍ॅक्सलच्या वकिलांची नोटीस आली. ऑफस्प्रिंगने एप्रिल फूल म्हणून अंग काढून घेतलं आणि अल्बमचं नाव ‘स्प्लिंटर’ ठेवलं. त्याच वर्षी माइक पियाझा या नामवंत बेसबॉलपटूच्या हाती कुठूनशी एक सीडी लागली. ती त्याने रेडिओवरच्या ओळखीच्या निवेदकाकडे नेली, निवेदकाने ‘आयआरएस’ हे गाणं लावलं, आणि मग पुन्हा वकील. २००६ साली ‘स्पिन’ मासिकात चक क्लॉस्टरमन या समीक्षकाने या अल्बमचं परीक्षण लिहिलं. अल्बम आलेला नव्हता. परीक्षण एप्रिल फूलसाठी होतं. दोन वर्षांनी खरा अल्बम आला तेव्हा त्याच क्लॉस्टरमनने दुसऱ्या ठिकाणी खरं परीक्षण लिहिलं आणि म्हटलं की हे काम एकशिंगी घोड्याचं परीक्षण करण्यासारखं आहे: घोडा कसा आहे ते सांगायचं, की तो मुळात आहे याचंच आश्चर्य करायचं? आणि पठ्ठ्याने गुण भरघोस दिले.

पण थट्टेचा कळस गाठला एका शीतपेयाने. २००८च्या मार्चमध्ये डॉ. पेपर कंपनीने जाहीर केलं की हा अल्बम या वर्षी आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला आम्ही एकेक कॅन फुकट देऊ. अपवाद फक्त दोघांचा: स्लॅश आणि बकेटहेड. अ‍ॅक्सलने मोठ्या मनाने कळवलं की बकेटहेडचं वादन अल्बममध्ये आहे, तेव्हा मी माझ्यातलं त्याला देईन. स्लॅशबद्दल तो काही बोलला नाही. कंपनीला वाटलं असेल, कशाला येतोय हा अल्बम! तो आला. मग कंपनीने अट काढली की रविवारी, २३ नोव्हेंबरला, चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर नाव नोंदवून कूपन घ्यायचं. संकेतस्थळ गर्दीने बसलं. मुदत वाढवावी लागली, फोनचा नंबर द्यावा लागला. पंधरा वर्षं थांबलेला श्रोता अल्बमच्या पहिल्या दिवशी गाणी सोडून सरबताच्या कूपनसाठी बटणं दाबत बसला. अ‍ॅक्सलच्या वकिलांनी कंपनीला खरमरीत पत्र धाडलं: मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानभर माफी मागा. इतक्या वर्षांत या प्रकल्पातलं एकच खातं वेळच्या वेळी काम करत होतं, ते म्हणजे वकिलांचं.

अल्बम हातात आला तेव्हा मुखपृष्ठावर काय होतं? हाँगकाँगमधल्या एका भिंतीला टेकून उभी असलेली सायकल आणि तिच्यावर ही भली मोठी टोपली. गोव्यात सकाळी भोंगा वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची वाटावी अशी. कवट्या, गुलाब आणि पिस्तुलं यांच्या आशेने पंधरा वर्षं बसलेल्या माणसाने त्या सायकलीकडे बराच वेळ पाहिलं.

आणि मग त्याने गाणं लावलं. इथे जरा थांबायला हवं, कारण जगभरातल्या श्रोत्यांचं पहिल्या मिनिटातलं वर्तन थक्क करण्याइतकं सारखं होतं. शीर्षकगीत सुरू होतं ते लांबून येणाऱ्या कुजबुजीने. कुठे तरी भोंगा, कुणी तरी चिनी भाषेत बोलतंय, खाली घुमणारा एक आवाज. दहा सेकंद. श्रोता मान हलवतो: वा, वातावरणनिर्मिती. वीस सेकंद. तो आवाज वाढवतो. तीस सेकंद. हेडफोनची पिन काढून पुन्हा घालतो. चाळीस सेकंद. सीडी बाहेर काढून खालच्या बाजूवर फुंकर मारतो, बनियनला पुसतो, परत घालतो; म्हणजे पुन्हा कुजबुज पहिल्यापासून. जवळजवळ मिनिट उलटल्यावर गिटार एकदम कानठळ्या बसवत घुसते, आणि तोवर आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. शेजारच्या खोलीतून बायको येऊन दारात उभी राहते. पंधरा वर्षांनंतरच्या त्या पुनर्भेटीचा पहिला संवाद असा: “काय पडलं?”

यापुढे श्रोत्यांच्या वाटा फुटतात.

पहिली वाट सरळ आहे. हे श्रोते गाण्यात स्लॅशला शोधतात. तो नाही हे त्यांना १९९६ पासून ठाऊक आहे, तरी शोधतात. अल्बमवर पाच-पाच गिटारवादक आहेत. एकाच गाण्यात चौघे-पाचजण आळीपाळीने आपला हात दाखवून जातात. बकेटहेडची बोटं तर माणसाची वाटू नयेत अशी पळतात. त्यावर या श्रोत्याचं म्हणणं एकच: “छान वाजवलंय, पण.” वाक्य ‘पण’वरच संपतं. पुढचं समजून घ्यायचं. एका माणसाची जागा भरायला पाच माणसं लावली तरी जागा रिकामीच दिसते, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांना नवा नाही. रॉकला नवा होता.

दुसरी वाट अधिक बिकट. या वाटेवरचे लोक स्वतःला जाणकार म्हणवतात, आणि ते खरंही असतं. १ जानेवारी २००१ला लास वेगासच्या कार्यक्रमात नव्या बँडने यातली काही गाणी वाजवली होती. कुणी तरी ती चोरून रेकॉर्ड केली. पुढे अर्धवट ध्वनिमुद्रणं फुटत गेली. २००८च्या जूनमध्ये तर एका ब्लॉगरने नऊ गाणी एकदम खुली केली. ऑगस्टमध्ये एफबीआयने त्याला उचललं आणि पुढच्या वर्षी त्याला दोन महिन्यांची घरकैद झाली. जाणकारांनी हा सगळा चोरीचा माल वर्षानुवर्षं ऐकून पाठ केला होता. त्यामुळे अल्बम आला तेव्हा त्यांच्यासाठी तो नवा नव्हताच. त्यांनी तो ऐकला तो पोलिसी थाटात, चुका काढायला. ‘द ब्लूज’चं नाव बदलून ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ का केलं? ‘कॅचर इन द राय’वर क्वीनच्या ब्रायन मेने वाजवलेली गिटार होती, ती कुठे गेली? ती खरंच काढून टाकली होती. तात्पर्य, ज्या अल्बमसाठी जीव टाकला, तो पुरा झाल्यावर यांचा निकाल: “कच्चा होता तेव्हाच चांगला होता.” पंधरा वर्षांत अ‍ॅक्सलने गाण्यांना जी जी झिलई केली, ती ती यांना खुपली. बिचाऱ्याने २००१ मध्येच काढला असता तर? तर म्हणाले असते, घाईत उरकला.

तिसऱ्या वाटेवरच्यांना अल्बम आवडला. ही माणसं कमी नव्हती, पण त्यांची अवस्था अवघड होती. चारचौघांत ‘मला आवडला’ म्हणायची सोय नव्हती. त्यांना ढाल मिळाली ती ‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षणाची, तिथे डेव्हिड फ्रिकने पाचपैकी चार तारे दिले होते. समोरचा मग ‘पिचफोर्क’ या संकेतस्थळाचं परीक्षण काढी. तिथे दहापैकी ५.८. मराठी मध्यमवर्गाला ही भाषा चटकन कळते. ५८ टक्के म्हणजे पास आहे, पण पेढे वाटू नयेत.

खरं सांगायचं तर अल्बम वाईट नाही. ‘बेटर’ हे गाणं चांगलं आहे, ‘धिस आय लव्ह’मधला अ‍ॅक्सलचा आवाज काळजाला हात घालतो. ‘मॅडागास्कर’मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचे तुकडे आहेत आणि एका जुन्या सिनेमातला संवाद आहे, तोच संवाद ‘सिव्हिल वॉर’ या १९९०च्या गाण्यात येऊन गेला होता. पंधरा वर्षं आणि साठ कोटी रुपये घेतलेल्या माणसाने संवाद तरी दुसरा शोधायचा, असं मात्र वाटून जातं. पण गाण्याचं मोजमाप गाण्यानेच करायचं तर खर्च विसरावा लागतो, आणि तो विसरायला कुणीच तयार नव्हतं. श्रोता मनात भागाकार करत होता. चौदा गाणी, पंधरा वर्षं. म्हणजे एका गाण्याला एक वर्ष आणि वर थोडं. हे गाणं वर्षभराचं वाटतं का? नाही वाटत. पुढचं लावा.

सगळ्यात रोखठोक प्रतिक्रिया चीनमधून आली. तिथल्या ‘ग्लोबल टाइम्स’ने हा अल्बम म्हणजे चीनवर विखारी हल्ला असल्याचं लिहिलं. परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याला पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याने अशा अर्थाचं सांगितलं की पुष्कळ लोकांना या प्रकारचं संगीत आवडत नाही, फार गोंगाट असतो. राजनैतिक भाषेत इतकं घरगुती वाक्य क्वचितच ऐकायला मिळतं. डोंबिवलीतल्या त्या वर्तमानपत्र वाचणाऱ्या वडिलांचं आणि बीजिंगचं अखेर एकमत झालं होतं.

विक्रीचं म्हणाल तर अमेरिकेत अल्बमची सीडी फक्त बेस्ट बाय या एकाच साखळी दुकानात मिळत होती. दुकानाने तेरा लाख प्रती आधीच उचलल्या होत्या. पहिल्या आठवड्यात खपल्या २ लाख ६१ हजार, आणि यादीत तिसरा क्रमांक आला. उरलेल्या गठ्ठ्यांचं काय झालं? पुढे काही वर्षांनी तीच सीडी त्याच दुकानात कवडीमोल भावात निघाली. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजले होते, त्यांनी अल्बमला माफ केलं असेल. त्या नव्या किमतीच्या चिठ्ठीला नाही.

हा सगळा प्रकार एकट्या अ‍ॅक्सलच्या नशिबी आला असं समजायचं कारण नाही. त्याच २००८च्या सप्टेंबरमध्ये मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. त्याआधीच्या ‘सेंट अँगर’वर, २००३ साली, श्रोत्यांचा राग होता तो एका ड्रमवर: लार्स उलरिकने स्नेअर ड्रमखालच्या तारा सैल सोडल्या होत्या आणि अल्बमभर पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज येत होता. शिवाय गिटारचे एकल तुकडे नव्हते. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये गिटार परत आली, वेग परत आला, लोक खूश झाले, आणि दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळं इतक्या चढ्या आवाजात दाबून भरलंय की ध्वनी फाटतोय. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ खेळात मात्र स्वच्छ ऐकू येत होती. मग हजारोंच्या सह्यांचं निवेदन निघालं: अल्बम पुन्हा नीट करून द्या. मास्टरिंग करणारा टेड जेन्सन म्हणाला, माझ्याकडे आला तेव्हाच तसा होता. हेवी मेटलच्या चाहत्यांनी आवाज मोठा आहे अशी तक्रार करावी, हे इतिहासात प्रथमच घडत होतं.

मेटॅलिका २०११ मध्ये भारतात आला तेव्हा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि ३० ऑक्टोबरचा बंगळूरचा झाला. पुण्या-मुंबईहून बसने, रेल्वेने गेलेली पोरं पॅलेस ग्राउंड्सच्या चिखलातून काळे टी-शर्ट वाळवत परतली. त्यांच्यापैकी कुणी ड्रमच्या तारांबद्दल चकार शब्द काढला नाही. समोरासमोर भेट झाली की परीक्षणं बंद पडतात.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने १९९१ नंतर थेट २ फेब्रुवारी २०१३ला अल्बम काढला, आपल्याच संकेतस्थळावरून. एकवीस वर्षांहून अधिक प्रतीक्षेनंतर श्रोत्यांना पहिली गोष्ट दिसली ती पडद्यावरचा ‘प्रवेश नाही’ असा संदेश. संकेतस्थळ कोलमडलं होतं. ज्यांनी रात्रभर बटण दाबत राहून अल्बम मिळवला, त्यांच्या आनंदात गाण्यांचा वाटा किती आणि संकेतस्थळ उघडल्याचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. टूल या बँडने २००६ नंतर २०१९च्या ऑगस्टमध्ये ‘फिअर इनॉक्युलम’ आणला. त्याच्या सीडीच्या वेष्टनातच चार इंची पडदा, स्पीकर आणि चार्ज करण्याची वायर होती. म्हणजे अल्बम ऐकण्यापूर्वी तो रात्री लावून ठेवायचा. या अल्बमने टेलर स्विफ्टच्या ‘लव्हर’ला पहिल्या क्रमांकावरून हुसकावलं, तेव्हा तिच्या कोवळ्या चाहत्यांनी संतापून विचारलं, कोण हे टूल? टूलच्या चाळिशीतल्या चाहत्यांना तेरा वर्षांत इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

मुंबईकडेही या प्रकारचा एक नमुना आहे. १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन हा बँड पुढे इंडस क्रीड झाला, ‘प्रिटी चाइल्ड’ने घराघरांत गेला आणि १९९७ मध्ये थांबला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळी २०१० मध्ये पुन्हा जमली आणि २०१२ साली त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ आला. अल्बम प्रौढ आहे, गुंतागुंतीचा आहे, वाजवलाय झकास. बँडने शीर्षकातच स्पष्ट सांगितलं होतं की बुवा, आम्ही बदललो. पण रंगभवनातल्या मैफलींत घसा फोडून ओरडलेल्या आणि आता मुलांना क्लासला सोडायला जाणाऱ्या श्रोत्याला बदललेलं कुणी नको असतं. तो स्वतः इतका बदललेला असतो की निदान बँडने तरी जागेवर राहावं, अशी त्याची इच्छा असते.

गन्स एन’ रोझेसचंही पुढे हेच झालं. २०१२च्या डिसेंबरमध्ये अ‍ॅक्सल आपला नवा संच घेऊन बंगळूर, मुंबई आणि दिल्लीजवळ गाऊन गेला. त्याच वर्षी त्याला कुणी तरी विचारलं होतं की जुने लोक पुन्हा एकत्र येणार का. त्याने ‘या जन्मात नाही’ अशा अर्थाचं उत्तर दिलं. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ परत आले आणि जगाच्या दौऱ्याला त्याच उत्तराचं नाव दिलं गेलं. (ईगल्सने १९९४ मध्ये हीच युक्ती केली होती, नरक गोठेल तेव्हा एकत्र येऊ म्हणाले होते, तर परतल्यावर अल्बमचं नावच तसं ठेवलं. रॉकमध्ये ‘कधीच नाही’चा अर्थ साधारण चौदा ते वीस वर्षं असा धरावा.) या दौऱ्यात स्लॅशला ‘चायनीज डेमोक्रसी’तली गाणी वाजवावी लागली. ज्याला फुकटचं सरबतसुद्धा नाकारलं होतं, त्याने ‘धिस आय लव्ह’मध्ये गिटार वाजवली, आणि फार सुंदर वाजवली. आठ वर्षं ‘स्लॅश असता तर’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांची तपश्चर्या फळाला आली होती. त्यावर त्यांच्यातच वाद पेटला की मूळ अल्बमवर रॉबिन फिंकने वाजवलं होतं ते जास्त भिडत होतं.

१७ मे २०२५ला हा पुन्हा जमलेला बँड महालक्ष्मी रेसकोर्सवर आला तेव्हा १९९१ सालचा तो सतरा वर्षांचा मुलगा एक्कावन्नचा झाला होता. तीन-तीन तास उभं राहायचं म्हणजे गुडघ्याचा पट्टा आधीच बांधून जायला हवं.

मधल्या काळात नवी गाणीही आली होती, ‘नवी’ हा शब्द जरा सैल अर्थाने घ्यायचा. २०२१ मधलं ‘अ‍ॅब्सर्ड’ म्हणजे २००१ साली मैफलीत वाजवलेलं ‘सिल्कवर्म्स’. ‘हार्ड स्कूल’ही ‘चायनीज डेमोक्रसी’च्याच काळातलं, स्लॅश आणि डफने नव्याने वाजवलेलं, जाणकारांकडे त्याचा कच्चा अवतार आधीपासून होताच. २०२२ मध्ये या गाण्यांची एक छोटी सीडी निघाली. तीत एकूण चार गाणी. दोन नवी, म्हणजे जुनी. आणि दोन जुनी, मैफलीत गायलेली, म्हणजे फारच जुनी. चाहत्यांनी ती मागवली आणि पैसे भरता भरताच विचारलं, पूर्ण अल्बम कधी?